निषेधाआधीची सनई

निषेधाच्या आधी सनई वाजवत नाहीत. ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागेल असं मला वाटलं नव्हतं. शिरूरमध्ये मला ती समजावून सांगावी लागली, आणि सांगितल्यावरही समोरच्या माणसाने सनईच वाजवली.

मोर्चाच्या पुकाऱ्यासाठी आमच्या कामगार संघटनेने त्यांची गाडी ठरवली होती. जुनी ओम्नी, टपावर चार कर्णे, मागच्या सीटच्या जागी बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर. सगळा तालुका त्यांना स्पीकरवाले मामा म्हणायचा, मीही तेच म्हणायला लागले. मजकूर मी घासूनपुसून लिहिला होता. 'ठेकेदारशाहीचा जाहीर निषेध' हे पहिलं वाक्य. गाडी बाजारपेठेत शिरली आणि कर्ण्यांतून थेट लग्नमांडवातली सनई सुरू झाली. दुकानदार पायरीवर येऊन बघायला लागले, वरात कुणाची म्हणून. मग सनई थांबली आणि मामांच्या आवाजात आमचा निषेध सुरू झाला.

"मामा, हे काय आहे?"

"सनई."

"ते कळतंय. मोर्चाला सनई?"

"मयताला बी हीच लावतो," मामा म्हणाले. "सनई लागली की बाया हातातलं काम ठिवून कान देत्यात. मग सांगायचं काय ते. तुमचा निषेध ऐकाया माणूस आधी दारात तर आलं पायजे."

मयताला सनई. मला वाटलं थट्टा करताहेत. पुढे स्वतःच्या कानांनी ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. पण गावातल्या म्हाताऱ्यांना त्याचं काहीच नव्हतं. सनई लागली की ते एकमेकांना विचारायचे, "लग्न, मयत का पाणी?" आणि पुढचं ऐकायला थांबायचे.

मामांच्या गाडीतल्या टेपमध्ये कुणाचा तरी पेन ड्राइव्ह मोडून त्याचा तुकडा कायमचा अडकला होता. त्यामुळे टेपचा नुसता रेडिओच चालायचा. म्हणून त्यांनी लायटरच्या भोकात बसणारा, अंगठ्याएवढा एफएम ट्रान्समीटर आणला होता. मोबाइलवर सनई किंवा मजकूर लावायचा, तो ब्लूटूथने या अंगठ्याकडे जायचा. अंगठा तो आवाज रेडिओच्या एका नंबरावर हवेत सोडायचा. रेडिओ त्याच नंबरावर लावलेला असला की तो आवाज पकडायचा, तिथून अ‍ॅम्प्लिफायर आणि तिथून कर्णे. वीतभर अंतरावरच्या रेडिओशी बोलायला हा माणूस आवाज हवेतून पाठवत होता.

"साधी वायर का नाही जोडत?" मी विचारलं.

मामा खरोखर दुखावले. "वायर जोडली तर त्यो नुसता स्पीकर झाला. हे टेशन हाय. माझं सोताचं."

टेशन म्हणजे स्टेशन, रेडिओचं. त्या टेशनला रोज मोकळा नंबर लागायचा. शिरूरमध्ये मोकळा असलेला नंबर न्हावऱ्याला मोकळा असेलच असं नाही, कुठल्या तरी मोठ्या केंद्राची गाणी त्यावर येऊन बसलेली असायची. दौंड जवळ आलं की सगळ्याच नंबरांवर घरघर. मामा म्हणायचे ती रेल्वेच्या वायरींची. मग गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन ते रेडिओचं बटण केसाएवढं फिरवत बसायचे, डोळे मिटून, आणि आम्ही घोषणांचे फलक घेऊन उन्हात उभे. एखाद्याने जेवायला सावलीतली जागा शोधावी तसा हा माणूस नंबर शोधायचा. घाई केली की म्हणायचे, "दुसऱ्याच्या घरात जाऊन बोलायचं का आपुन?"

त्याला कारण होतं. एकदा पुणे रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या आणि मामा एका निवृत्त शिक्षकांच्या मयताचा पुकारा करत होते. शेजारच्या टेम्पोवाल्याकडेही असलाच अंगठा, आणि नंबरही योगायोगाने तोच. त्याचा जोरात असावा. गुरुजींचं नाव, गाव, अंत्यविधीची वेळ, आणि मधेच चारही कर्ण्यांतून वरातीत नाचायचं गाणं. मामा खाली उतरले, टेम्पोची काच वाजवली आणि हात जोडून म्हणाले, "दादा, आमच्या मयतात नाचताय. नंबर बदला तेवढा." ही गोष्ट इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली होती की टेशनात टेशन घुसतं हे शिरूरपासून दौंडपर्यंत पोराटोरांना माहीत झालं होतं.

माझ्या मजकुराची त्यांनी केलेली कत्तल मी आजही विसरलेले नाही. आम्हाला पत्रक लिहायचं शिक्षण मिळालेलं, एका वाक्यात तीन मागण्या बसवायचं. मामा कागद हातात घेऊन पुटपुटत वाचायचे आणि मान हलवायचे.

"तीन वाक्यं द्या. बाई हंडा घेऊन चाललीय, ती काय तुमच्यासाठी उभी ऱ्हाणार न्हाई."

"मामा, यात एकही शब्द जास्तीचा नाही."

"'भांडवली व्यवस्थेचे दलाल'. हे कोण? इथंच ऱ्हात्यात का?"

"इथंच राहतात."

"मग नाव घ्या की त्यांचं. न्हाईतर काढा."

मी काढलं. आणि त्याच दिवशी दुपारी एसटी स्टँडसमोर उभी असताना मला तीच सनई ऐकू आली, तीच ओम्नी दिसली आणि त्याच आवाजात पुकारा ऐकू आला: रांजणगावला कामासाठी मुली पाहिजेत, जाण्यायेण्याला बस, आजच भेटा. शेवटी नाव त्याच ठेकेदाराचं, ज्याच्या विरोधात सकाळी याच कर्ण्यांतून मी ओरडत होते. मी गाडीला आडवी गेले. गाडी थांबवावीच लागली त्यांना.

"सकाळी ज्याचा निषेध केलात त्याचीच भरती?"

"निषेध तुमी केला. मी पुकारला."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की," मामा म्हणाले. "तुमचं लांबत होतं. त्याचं आटोपशीर होतं."

मागे एसटीने हॉर्न दिला म्हणून मी बाजूला झाले. माणूस इतका कोरडा असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांची स्वतःची मुलगी त्याच ठेकेदाराकडून रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला होती. रोज कंपनीच्या बसने जायची, यायची. ती त्यांची एकुलती एक. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली.

त्याच कारखान्यात ते झालं. मध्य प्रदेशातून आलेली एक मुलगी प्रेस मशीनवर होती. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर काम लवकर उरकावं म्हणून बंद ठेवलेला, असं आमच्या कानावर आलं. तिच्या उजव्या हाताची बोटं गेली. आम्ही चौकशीला गेलो तर उत्तर मिळालं की अशी कुणी मुलगी इथे कामालाच नव्हती. ते प्रकरण आता कामगार कार्यालयात उभं आहे. त्याबद्दल आमच्या पत्रकांत भरपूर लिहिलंय, ते इथे लिहीत नाही. मुलीचं नावही लिहीत नाही. ते छापू नये अशी तिच्या घरच्यांची इच्छा आहे.

मी मजकूर लिहिला, 'कामगार भगिनीची बोटं तुटली, मालक गप्प का?' मामांनी तो रेकॉर्ड करायला साफ नकार दिला.

"तुमी बघितलं?"

"नाही. पण सगळ्यांना माहीत आहे."

"मी बी न्हाई बघितलं. मग हे बोलतंय कोण?"

शेवटी एवढ्यावर तडजोड झाली: कारखान्यात काय घडलं हे ज्यांनी पाहिलं त्यांनी पुढे या. सनई, आणि हे वाक्य. आम्ही शिरूरपासून दौंडपर्यंत गावोगाव फिरलो. जिथून जिथून पोरी रांजणगावला जातात ती सगळी गावं घेतली. बाया दारात यायच्या, ऐकायच्या, आत जायच्या. एकही बाई पुढे आली नाही.

त्या दिवशी दौंडच्या रस्त्यावरच्या एका गावाचा आठवडे बाजार होता. मामांची एक सवय सांगायला हवी. पुकारा चालू असताना ते मोबाइल विमानात टाकायचे, म्हणजे फ्लाइट मोडवर. तो अंगठा आलेला फोन आपोआप उचलायचा आणि फोनवरचा माणूस थेट कर्ण्यांतून बोलायला लागायचा. पण मी ऐन वेळी मजकुरात दौंडच्या सभेची जागा घातली होती आणि माझ्या मोबाइलवर त्यांच्याच आवाजात भरून घेतलेला नवीन ऑडिओ त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तो उतरवून घ्यायला त्यांनी मोबाइल विमानातून काढला. तेवढ्यात त्यांना दिसलं की मागचा एक कर्णा ढिला होऊन रस्त्याकडे वळलाय. ते पान्हा घेऊन मागे गेले आणि टपाला लोंबकळून नट आवळायला लागले. मी पुढच्या सीटवर होते. सनई चालू होती.

सनई तुटली. चारही कर्ण्यांतून मुलीचा आवाज आला.

"आप्पा, ऐका. जेवायच्या सुट्टीत बोलतीय. आज परत एकेकीला बोलवून विचारलं, कुणी काय बघितलं म्हणून. मी न्हाई म्हणले. पण मी बघितलंय ना आप्पा. तिचा हात माझ्याच ओढणीत बांधला. बोटं खाली पडली हुती, ती कुणी उचलंना. दवाखान्यात पट्टी केली आन् दौंडला न्हेऊन रेल्वेत बसवली तिला. एकटीला. आन् आता म्हणत्यात अशी कोण पोरगीच नव्हती. तिचा डबा अजून आमच्या कपाटात हाय आप्पा. धुऊन ठिवलाय मी."

बाजार गप्प झाला होता. कांदेवाल्याच्या हातात तराजू तसाच अधांतरी.

"आप्पा? ऐकताय न्हवं?"

माझ्यासमोर मोबाइल होता. बटण हाताच्या अंतरावर होतं. मी ते दाबलं नाही. ज्या एका माणसासाठी आम्ही गावोगाव फिरत होतो ते माणूस बोलत होतं आणि शेकडो लोक ऐकत होते. दाबायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

मामांनी खिडकीतून हात घालून, माझ्या अंगावरून, तो अंगठा भोकातून उपटला. मुलीचा आवाज गेला. पण रेडिओ चालूच होता, त्या नंबरावर आता कुणीच नव्हतं, आणि चारही कर्ण्यांतून नुसती खरखर बाजारभर पसरली. मामा तिथेच पान्हा धरून उभे राहिले. कुणीतरी पुढे होऊन अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. मग ते गाडीत बसले.

"तुमी फुडंच बसला हुता," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी गाडी शिरूरकडे वळवली.

मी संध्याकाळी पत्रक लिहिलं. 'प्रत्यक्षदर्शी कामगार मुलीची भर बाजारात साक्ष'. सकाळी मी ते छापायला देणार होते. सकाळी मला सनईने जागं केलं.

सनई थांबली आणि मामांचा आवाज आला. "काल बाजारात स्पीकरवर एका पोरीचा आवाज आला. ती माझी पोरगी न्हवं. दुसऱ्या गाडीचं टेशन आपल्या नंबरावर घुसलं हुतं. कुणाची पोरगी, कुठली, कुणालाच ठाव न्हाई. ऐकलं त्ये सोडून द्या."

मी चप्पल न घालता रस्त्यावर आले तोवर गाडी पुढच्या चौकात गेली होती. हा पुकारा त्यांना कुणी सांगितला नव्हता. स्वतःच्या पेट्रोलवर, दिवसभर, दौंडपर्यंतच्या प्रत्येक गावात हा बाप सनई वाजवून सांगत फिरला की ती माझी मुलगी नाही. मी खूप निर्लज्ज खोटं ऐकलेलं आहे, तेच ऐकायचं माझं काम आहे. पण असं, रस्त्यावर उभं राहून ओरडून सांगितलेलं, ऐकलं नव्हतं.

मी मोटरसायकलने त्या बाजाराच्या गावी गेले. म्हटलं, ज्यांनी ऐकलं त्यांच्या सह्या घेऊ. तिथे माझ्याआधी ठेकेदाराचा माणूस पोचला होता. बांगड्यांच्या दुकानात उभा राहून विचारत होता, काल कुणाचा आवाज होता.

"कसला आवाज?" बांगडीवाल्या मावशी म्हणाल्या. "आमाला तर सनई ऐकू आली."

"पोरगी बोलत होती म्हणतात. मामाची."

"मामांनी सकाळीच सांगितलं की. दुसऱ्या गाडीचं टेशन घुसलं. त्यांनी सांगितलं म्हंजी घुसलं."

तो शेजारच्या किराणा दुकानात गेला. तिथेही सनई. कांदेवाला आज घरीच होता, त्याच्या दारात गेला. तिथेही सनई. अख्ख्या गावाने आदल्या दिवशी फक्त सनई ऐकली होती. तो वैतागून निघून गेल्यावर मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "त्या पोरीचा डबा दिला का गं कुणी पोचवून?"

माझं डोकं सणकलं. "मावशी, म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंय. मग हे सांगा ना. सही करा."

"मी सनई ऐकली," मावशी म्हणाल्या आणि बांगड्या पुसायला लागल्या.

एका मुलीला वाचवायला सगळं गाव एका रात्रीत एक झालं होतं, आणि दुसऱ्या मुलीसाठी त्यातला एकही जण तोंड उघडणार नव्हता. हे मला पचलं नाही. अजून पचलेलं नाही.

मामांच्या शब्दाला एवढी किंमत का, तेही सांगते. पूर्वी कधीतरी त्यांनी नुसत्या फोनवर भरवसा ठेवून एका म्हाताऱ्याच्या मयताचा पुकारा केला होता. म्हातारा पारावर बसलेला. त्याने सनई ऐकली, कान दिला आणि स्वतःचं नाव ऐकलं. तेव्हापासून मामा मढं बघितल्याशिवाय पुकारा करत नसत. एकदा मी गाडीत असताना त्यांनी एका घरासमोर गाडी लावली, "मढं बघून येतो," असं पेट्रोल भरून येतो म्हणावं तसं म्हणाले, चप्पल काढून आत गेले, तोंड बघितलं, पाया पडले, आणि परत येऊन सीटवर बसून रेकॉर्डिंग केलं. हरवलेल्या म्हशीसाठीसुद्धा ते आधी रिकामा गोठा बघून यायचे. अशा माणसाने सांगितलं की टेशन घुसलं, तर ते घुसलंच. त्यांच्याकडे असलेली एकच गोष्ट त्यांनी त्या दिवशी खर्चून टाकली.

मी त्यांच्या घरी गेले. घोडनदीच्या बाजूच्या गल्लीत दोन खोल्या, दारात ओम्नी.

"मामा, तुम्ही खोटं बोललात."

"व्हय."

"सगळ्या तालुक्यात."

"दौंड बी धरा."

"ती तुमची मुलगी आहे."

"म्हणून तर."

आतून ती आली. माझ्याच वयाची, कामाच्या निळ्या ड्रेसमध्येच. "ताई, त्यांना मीच सांगितलं असं बोला म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही पत्रक काढणार होता ना?"

"तुझं नाव नसतं घातलं. नुसतं 'प्रत्यक्षदर्शी'."

"ती ओढणी माझी होती हे लाईनवर सगळ्यांना ठाऊक आहे. एकानं काढलं की दुसरा ठेकेदार दारात उभं करत नाही. मग मी काय, आप्पांच्या गाडीत बसून सनई वाजवू?"

"आणि तिचं काय? जिची बोटं गेली?"

ती चहा ठेवायला आत वळली. मामा खाली बघत होते. मी चहा न घेता उठले. माझ्या दृष्टीने तो विषय आणि तो माणूस, दोन्ही संपले होते.

त्यानंतर ओम्नी दिसेना. दारात उभी, पण मामा नाहीत. एका मयताच्या पुकाऱ्याला लोकांना दुसरा माणूस आणावा लागला, आणि तो सनई न लावता बोलला म्हणून अर्ध्या गावाला कळलंच नाही. मला वाटलं, लाजेने तोंड लपवून बसले असतील कुठेतरी. बरंच झालं.

मग एका दुपारी ते आमच्या ऑफिसचा जिना चढून आले. तिथे ते कधीच आले नव्हते. खुर्ची दिली तरी दाराजवळच्या बाकावर बसले. पायजम्याला धूळ, दाढी वाढलेली.

"बघून आलो," ते म्हणाले.

"काय?"

"त्या पोरीला."

मला आधी कळलंच नाही. बोटं गेलेल्या मुलीच्या सख्ख्या मामाचा नंबर त्यांच्या मुलीने जपून ठेवला होता. त्यावर फोन करून गाव विचारलं, आणि हा माणूस दौंडला रेल्वेत बसला, जिथून तिला बसवून दिलं होतं तिथूनच, आणि मोडक्या हिंदीत विचारत विचारत तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"लसूण सोलत हुती," मामा म्हणाले. "डाव्या हातानं. मी म्हणलं, बेटी, हाथ दिखाव. तिनं दाखवला. तीन न्हाईत. चौथं हाय पण वाकत न्हाई. मी सगळं नीट बघितलं."

"मग?"

"डबा दिला तिचा. तिची आई लई रडली डबा बघून. हाताकडं बघून रडली नसंल येवढी. मग इच्चारलं, तुझं नाव पुकारू का? ती म्हणाली, पुकारो."

आम्ही चार पत्रकं काढली होती. दोन निवेदनं दिली होती. रेल्वेचं तिकीट आमच्यातल्या एकानेही काढलं नव्हतं.

"आता मी पुकारतो," मामा म्हणाले. "माझ्या नावानं. मी बघितलं, मी बोलतो. माझ्या पोरीचा त्यात काय संबंध न्हाई."

"पण आधी ते खोटं मागे घ्या, मामा. नाहीतर उद्या ठेकेदार म्हणेल, हा माणूस काल एक बोलतो, आज एक."

"म्हणू द्या."

"एकाच तोंडाने दोन गोष्टी चालणार नाहीत."

"ते पोरीसाठी हाय. हे बी पोरीसाठी हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या दोन्ही."

मला ते तेव्हाही मान्य नव्हतं, आताही नाही. मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मजकूर तुमी लिवताय का मी बोलू?"

गावांतला पुकारा झाला, पण तो कारखान्याच्या फाटकावर व्हायला हवा होता. तिथे स्पीकर लावायची परवानगी मिळाली नाही. मी निवेदन लिहायला बसले. मामा म्हणाले, "कशाला? कर्णेच काढून ठिवतो." मला वाटलं हार मानली. ते चहाच्या टपरीवर गेले, जिथे कंपनीच्या बसचे ड्रायव्हर पाळी सुटायची वाट बघत बसतात, आणि त्यांच्यात बराच वेळ बसून परत आले. "नंबर दिलाय सगळ्यांना," एवढंच म्हणाले.

दुपारची पाळी सुटली तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसले होते. बस एकामागे एक लागलेल्या, सगळ्या बायकांनी भरत चाललेल्या. मामांनी ओम्नी बसच्या रांगेला अगदी घासून उभी केली. टपावर काहीच नव्हतं. सुरक्षारक्षक आला, टपाकडे बघितलं, आत वाकून बघितलं.

"काय काम आहे?"

"पोरगी सुटायचीय," मामा म्हणाले. तो गेला.

मामांनी मोबाइलवर बोट ठेवलं. आमच्या गाडीत काहीच वाजलं नाही, स्वतःचा रेडिओ त्यांनी बंद ठेवला होता. तो अंगठा तेवढा निळा लुकलुकत होता. मला दिसत होत्या त्या बसच्या खिडक्या. शेजारच्या बसच्या ड्रायव्हरने हात लांब करून रेडिओचं बटण फिरवलं. आत बायका स्कार्फ सोडत होत्या, कुणी पाण्याची बाटली तोंडाला लावली होती. सगळ्यांनी एकदम वर बघितलं, दारावरच्या स्पीकरकडे. सनई लागली असणार. मग हात थांबले. मजकूर मला पाठ होता, आणि त्यांच्या तोंडांकडे बघून तो कुठवर आलाय हे मला कळत होतं. नाव. बापाचं नाव. गाव. मग हात. एका बाईने स्वतःची बोटं मुठीत धरली.

एक सुपरवायझर त्या बसच्या पायरीवर चढला आणि ड्रायव्हरला काहीतरी बोलला. ड्रायव्हरने बटण इकडे तिकडे फिरवून दाखवलं आणि खांदे उडवले. नंतर त्याने सांगितलं, "मी म्हणलं साहेब, बटण फिरतंय पण आवाज काय कमी व्हईना."

पुढच्या बसमध्ये खिडकीशी मामांची मुलगी होती. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. मामा समोरच्या पेट्रोलच्या काट्याकडे बघत होते.

मजकूर संपला. मामांनी तो पुन्हा लावला.

तेव्हा सगळ्यात शेवटच्या बसमधून एक बाई उतरली. माझ्या ओळखीची नव्हती. चाळिशीची, निळ्या ड्रेसवर पदरासारखी ओढणी, खांद्याला पिशवी. सुपरवायझर बघत होता, फाटकावरचे बघत होते. सगळ्या बसच्या कडेने ती चालत आली. लपतछपत नाही, घाईनेही नाही. मामांच्या काचेवर तिने टकटक केलं. मला वाटलं, आता ही मामांना फैलावर घेणार. 'काल एक बोलता, आज एक' म्हणून गेल्या काही दिवसांत पुष्कळ जणांनी घेतलं होतं.

मामांनी काच खाली केली.

"मामा, शेवटच्या गाडीत नुसती खरखर येतीया," ती म्हणाली. "जरा मागं घ्या."

मामांनी रिव्हर्स टाकला. ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हात वर करून, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागली, "येऊ द्या, मामा. येऊ द्या. अजून येऊ द्या."